चार्ज कुणाकडे आहे

सरावली, बोईसर
६ डिसेंबर

चि. अपेक्षा,

घेणार असशील तर आशीर्वाद. नाहीतर नुसता कागद समज.

तू जपानला निघालीस त्या दिवशी मी दारात उभी राहून म्हणाले होते, "गेलीस तर पुन्हा मला आई म्हणायचं नाही." आता दुसरा हिवाळा आला. तू म्हटलं नाहीस. फोन लागत नाही. सोमीची दीपिका म्हणते, "काकी, तिनं तुमचा नंबरच बंद करून ठेवलाय." अगं, आया रागाच्या भरात काय वाटेल ते बोलतात. माझी आई मला उठता-बसता विहीर दाखवायची, म्हणून मी उडी मारली का? पण तुझं म्हणजे बोललेला शब्द आणि रेल्वेचा नियम एकच. खाण तशी माती. तुझ्या बाबांनीही उभा जन्म हेच केलं.

मी माफी मागायला बसलेली नाही, हे आधीच सांगते. एकुलती एक पोरगी परक्या मुलखात म्हाताऱ्यांची अंगं पुसायला निघाली, तर कुठली आई आरती ओवाळील? रागावले होते आणि अजून आहे.

पत्र लिहायचं कारण असं की, मी तुला रोज बघते.

दचकू नकोस. तू कामाला जाताना ज्या स्टेशनावर गाडी पकडतेस त्याचं नाव तू दीपिकाला कळवलं होतंस. तिने शोधून काढलं, तर त्या गावातल्या हौशी लोकांनी स्टेशनावर कॅमेरा लावलाय आणि ते चित्र दिवसरात्र इंटरनेटवर दिसतं. जगभरातली रिकामटेकडी माणसं म्हणे गाड्या बघत बसतात. त्यात आता मी एक. दीपिकाने टीव्हीला जोडून दिलंय. तुमच्याकडे दुपार होते तेव्हा इथे माझा सकाळचा चहा असतो. मी कप घेऊन समोर बसते.

त्या स्टेशनाचं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी त्याला उमरोळीच म्हणते. आपल्या उमरोळीच्या फलाटाचा एक तुकडा कापून डोंगरात नेऊन ठेवावा एवढंच ते आहे. लाकडी शेड, शेडमध्ये बाक, आणि बाकावर कुणीतरी हाताने शिवलेल्या रंगीत गाद्या. त्या गाद्या रोज तिथेच असतात! बोईसर स्टेशनात ठेवल्या असत्या तर दिवस मावळायच्या आत बाकासकट गेल्या असत्या. शेडमागे एक झाड आहे, पान एक नाही आणि नारिंगी फळं मात्र लगडलेली. मास्तर नाही, हमाल नाही, चहावाला नाही. गाडी म्हणजे एकच डबा, त्यातच इंजिन. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून सिग्नलकडे बोट दाखवतो आणि तोंडाने काहीतरी म्हणतो. बाबांना फार आवडलं असतं.

मग तू येतेस. मी विणलेला मोरपंखी स्वेटर घालून. आईशी बोलायचं नाही, स्वेटर मात्र चालतो. आवाज येत नाही, नुसतं चित्र. तू उभी राहतेस, गाडी येते, चढतेस, जातेस. मी कप विसळते. एवढंच असतं, पण माझा दिवस बरा जातो.

बारीक झालीस. भात खात जा, तिथे भाताला काय तोटा.

गोजराबाई
(आई असं लिहिलं नाही. तुझा नियम मीही पाळते.)


२८ डिसेंबर

चि. अपेक्षा,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट बघत नाही, असं मी सोमीला सांगते. सोमी अजून डोंगरातून भाजीची पाटी घेऊन येते, पहिली आपल्याच ओट्यावर टेकवते, चहा पिते आणि लेकीचं कौतुक सांगते. दीपिका आता औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिची लेक रोज घरी येते, तिला कौतुक करायला काय जातं.

एक गोष्ट सांगू की नको असं करत बरेच दिवस गेले. सांगतेच.

तू गाडीत चढतेस. गाडी निघून जाते. मग फलाट रिकामा व्हायला हवा. तो होत नाही.

पलीकडच्या टोकाला, जिथे फलाट उतरत जाऊन गवताला मिळतो, तिथे कुणीतरी उभं असतं. जाणाऱ्या गाडीकडे तोंड करून. उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरलेला, डावा पाठीमागे. आधी वाटलं खांब असेल. पण खांब काही हात खाली घेत नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ह्याने घेतला.

असं उभं राहणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय.

तुझे बाबा रेल्वेच्या फाटकावर होते तेव्हा मी डबा घेऊन जायची. गाडी येत असली की ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर, कुठे धूर निघतोय का, कुठे काही लोंबतंय का. मग गार्डाला हात, सगळं ठीक. पाठीमागच्या हातात लाल झेंडी, लागलीच तर. मी म्हणायची, लग्नात माझ्याकडे तरी असं बघितलं होतंत का? ते म्हणायचे, "तू रुळावरून कुठे घसरणार आहेस?"

मग रुळांवरून पूल झाला आणि फाटक बंद झालं. दोन्ही बाजूंनी भिंत घातली. साहेब आला, खोलीला कुलूप लावलं आणि म्हणाला, "पंढरी, घरी जा." हे म्हणाले, "साहेब, माझ्यानंतरचा माणूस कुठाय? चार्ज कुणाला देऊ?" साहेब हसला. त्याचं तरी काय चुकलं, फाटकच नाही तर चार्ज कसला? पण ह्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. जाणाऱ्याने विचारायचं, "चार्ज घेतोस?" येणाऱ्याने म्हणायचं, "घेतला." तोवर जागा सोडायची नाही. जन्मभर हेच केलेलं. मग रिटायर झाल्यावरही रोज जाऊन त्या भिंतीशी उभे. घरी यायचे, जेवायचे, झोपायचे, पण माझी भाकरी कोण खातंय हे मला कळेनासं झालं होतं. निम्मा माणूस तिकडेच राहायचा.

आणि मग तो दिवस. तू चहा घेऊन गेलीस. तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हापासूनचा तुमचा खेळ. त्यांनी विचारलं, "बाई, चार्ज घेतेस?" तू म्हणालीस, "घेतला, बाबा." ते खाली बसले, भिंतीला टेकले, चहा संपवला आणि गेले. लोक म्हणाले, पुण्यवान मरण. मीही तेच म्हणाले. आपण दोघी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते.

तर ते तिथे आहेत, तुझ्यापाशी. मला भीती वाटत नाही, राग येतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ह्यांची मेल्यावरही गेली नाही. आणि उभंच राहायचं होतं तर समुद्र ओलांडून लेकीकडे कशाला? इथे बायको एकटी आहे ती दिसली नाही?

दीपिकाला दाखवलं. ती म्हणाली, "काकी, फलाट तर रिकामा आहे. चष्मा बदलून घ्या." बरं, म्हटलं.

गोजराबाई


१९ जानेवारी

चि. अपेक्षा,

ते बाबा नाहीत.

मधले दिवस तुमच्याकडे बर्फ पडत होतं. टीव्हीवर नुसता पिंजलेला कापूस. काल ऊन पडलं. तू आलीस, चढलीस, गाडी गेली. टोकाचा माणूस उभाच होता. तेवढ्यात सोमी आली. ती कधी टीव्हीकडे बघत नाही, म्हणते डोळे दुखतात. काल वालाच्या शेंगा मापताना तिची नजर गेली आणि माप हातात तसंच राहिलं.

"ही तं अपेक्षा हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अपेक्षा आत्ताच गाडीतून गेली."

"गेली ती गेली. ही उबी हाय नं, हात पुडं करून. सेटर पन तोच हाय, तुमी इणला तो."

मी काचेला नाक लावलं. मोरपंखी. उजव्या बाहीवर मी टाके चुकले होते, तिथे ती बाही जरा आखूड आहे. हात समोर धरल्यामुळे मनगट उघडं पडलं होतं. इतक्या थंडीत.

सोमीने शेंगा तिथेच ठेवल्या आणि पाटी उचलली. दारातून म्हणाली, "बाय, तिला घरी आना. मानूस आसा वाटून नाय टाकायचा."

काल संध्याकाळी मी दीपिकाच्या मागे लागले. तिने तुझ्या खोलीतल्या नेपाळच्या मुलीला फोन लावला. ती मुलगी गोड बोलते. म्हणाली, "दीदी ठीक है, पर आधी-आधी रहती है." म्हणजे अर्धी. कामात चुकत नाहीस म्हणे. पण एखाद्या आजोबांना भरवता भरवता दरीतून गाडीची शिट्टी आली की चमचा थांबतो आणि तुझा उजवा हात आपोआप समोर जातो. हात बर्फासारखे गार. तिने विचारलं, काय होतंय, तर तू म्हणालीस, "अभी ड्यूटी से छूटी नहीं हूँ."

हे ऐकल्यावर मी ओट्यावर येऊन बसले, ते दिवेलागण झाली तरी उठले नाही.

बाबा गेल्यावर शिट्टी झाली की तू खिडकीशी जायचीस. मला वाटायचं, दुःख आहे, ओसरेल. मग तू इतक्या लांबची नोकरी शोधलीस आणि मला वाटलं, पोरगी माझ्यापासून पळाली. तू गाड्यांपासून पळत होतीस. आणि नशीब असं की, तुला गाव मिळालं तेही डोंगरातलं, जिथे शिट्टी चारी बाजूंनी घुमते.

आता मी रोज नीट बघते. जी गाडीत चढते ती दर दिवशी थोडी पुसट होते आणि जी मागे उरते ती थोडी ठळक. प्रत्येक गाडीमागे तू थोडी थोडी तिथे राहतेस. हे मी एकदा घरात पाहिलेलं आहे आणि तेव्हा मला काही करता आलं नाही. पुन्हा बघणार नाही.

नोकरी सोड आणि निघून ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसती ये.

गोजराबाई


११ फेब्रुवारी

अपेक्षा,

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या शेडच्या दाराशी एक कागद चिकटवलाय. बघणारे लोक आता खूप वाढलेत आणि खाली काहीबाही लिहितात. दीपिकाने ते फोनवर मराठीत करून वाचून दाखवलं. तुझं स्टेशन बंद होणार आहे. उतारू नाहीत म्हणून त्या लाइनीची गाडीच बंद, मार्चच्या मध्यावर.

दीपिका म्हणाली, "बरं झालं की काकी. स्टेशन नाही, तर उभं राहणं नाही."

तिला काय माहीत. बंद फाटकावर माणूस कसा राहतो ते मी पाहिलंय. गाडी चालू असते तोवर कुणीतरी बदलीवर येईल अशी आशा तरी असते. एकदा कुलूप लागलं की येणारा कुणी नाही आणि जाणाऱ्याला सुटका नाही. बाबांना शेवटी तू भेटलीस. तुला त्या बर्फात कोण भेटणार?

मी टीव्हीपुढे उभी राहून ओरडले, "घेतला! चार्ज मी घेतला! दे इकडे!" शेजारच्या वर्षाराणीने भिंतीवर ठोकलं. तू तिथे हात पुढे करून तशीच. मग मला आठवलं. एकदा बदलीवरचा गडी घाईत आला, झेंड्या ओढून घेतल्या आणि म्हणाला, "घेतला, जा पंढरी." हे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मी विचारलंय का अजून? मागून घ्यायचा नसतो." आधी विचारलं, त्याने उत्तर दिलं, तेव्हा घरी आले. भात गार झाला होता, म्हणून मला ते लक्षात आहे.

म्हणजे तू विचारायला हवं. आणि मला विचारायचं तर आधी माझ्याशी बोलायला हवं.

काल तू लवकर आलीस. गादीवर बसलीस आणि पिशवीतून खाकी पाकीट काढलंस. माझं. पालथं केलंस, अक्षर बघितलंस, आणि न फोडता परत ठेवलंस. मागची पाकिटंही त्याच पिशवीत असणार, तीही तशीच. म्हणजे आतापर्यंतचं सगळं मी भिंतीशीच बोलले. भिंतीशी बोलायची ह्या घराला सवय आहे म्हणा.

तरी लिहिते. नियमाचाच प्रश्न असेल तर नियमानेच सोडवू. खाली वाच.

"दारात उभं राहून दिलेला हुकूम आजपासून रद्द करण्यात येत आहे. अपेक्षाने मला आई म्हणावं. कुठूनही म्हणावं, कधीही म्हणावं."

सही करते आणि तारीख वर घातलेली आहेच. आता मला एकदा विचार. तोंडाने म्हटलंस तरी पुरे, मी बघते आहे.

गोजराबाई


३ मार्च

अपेक्षा,

पाकीट फोड.

त्या झाडाची फळं पाखरांनी कधीच संपवली. आज गाडीत चढलेली मुलगी मला दिसलीच नाही, दार उघडलं आणि मिटलं एवढंच. टोकाला मात्र तू इतकी स्पष्ट, की केसात अडकलेलं बर्फ मोजून घ्यावं. दीपिका उलट सांगते. तिला तू चढताना दिसतेस आणि टोकाला कुणी नाही. आम्ही दोघी एकाच टीव्हीपुढे बसून भांडतो आणि सोमी मधे बसून म्हणते, "दोगी खऱ्या हायत."

मी काल जुन्या फाटकाशी जाऊन आले. बाबा गेल्यापासून पाय ठेवला नव्हता. घाणेरी माजलीय, खोलीचं कुलूप गंजलंय. ते उभे राहायचे तिथली जमीन अजून कडक आहे, गवत उगवत नाही. कुणाचाही भास झाला नाही. बाबा खरंच सुटलेत. म्हणजे जे आहे ते सगळं तुझ्याकडे आहे.

शेवटच्या दिवशी तू उभी राहशील तेव्हा मी इथे, त्यांच्या जागेवर उभी असेन. तिथून मला विचार.

मला फार भीती वाटते, पोरी.

गोजराबाई


१६ मार्च

बाळ,

काल दुपारी तुझा फोन आला तरी हे लिहिते. फोनवर तू रडत होतीस आणि मी शहाणपणा शिकवत होते, सांगायचं ते राहूनच गेलं. तुझ्या बाजूचं तू सांगितलंस. माझ्या बाजूचं ऐक.

सकाळी आम्ही तिघी फाटकाशी गेलो. दीपिकाने सुट्टी टाकली होती. फोन तिच्या हातात. मी बाबांच्या जागेवर. सोमी मागे घाणेरीशी, हातात विळा घट्ट धरून, कशाला ते तिलाच माहीत.

दीपिका सांगत होती, फलाटावर गर्दी आहे. म्हातारी माणसं, फुलं, मोठमोठे कॅमेरे. मग म्हणाली, "काकी, दोन आज्या बाकावरच्या गाद्या गोळा करून नेतायत." गाद्या नेल्या म्हणजे आता कुणी बसायला येणार नाही, हे नक्की झालं.

मग गाडी आली. सगळे चढले. दीपिकाचा आवाज बदलला. "काकी, अपेक्षा चढत नाहीये. टोकाला उभी आहे." पहिल्यांदा तिलाही दिसलं. मी फोनकडे वळून बघितलं. तू हात समोर धरून उभी, आणि पाठीमागच्या हातात कागद. खाकी पाकिटं फोडलेली. ड्रायव्हरने बोट दाखवलं, काहीतरी म्हटलं, तुझ्याकडे बघत थांबला. त्याने थांबायचं म्हणजे तरी किती थांबायचं?

तेवढ्यात इकडे आपल्या रुळावर गाडी आली, धडधडत. वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला. माझा उजवा हात केव्हा वर झाला मला कळलं नाही. शेवटचा डबा गेला. मग जे शांत झालं तसं बोईसरला कधी होत नाही. पुलावरच्या ट्रकांचाही आवाज नाही.

आणि कानाशी, अगदी कानाशी, तू मला लहानपणी रात्री पाणी मागायचीस तशी हलक्या आवाजात:

"आई, चार्ज घेतेस?"

सोमीनेही ऐकलं. तिने विळा टाकला आणि तोंडावर हात ठेवला.

तुला विचारते, त्यावर मला विचार करायला वेळ लागेल असं वाटलं होतं का? इतक्या दिवसांनी आई म्हणालीस. तू चार्ज सोडून आणखी काहीही मागितलं असतंस तरी मी दिलं असतं. मी म्हटलं, "घेतला, बाई. पळ, गाडी पकड."

फोनमध्ये तुझा हात खाली आला. तू त्या हाताकडे असं बघितलंस, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. आणि धावलीस. धडपडलीस, चढलीस, दार मिटलं. गाडी वळणाआड गेली. आम्ही तिघी फोनवर डोकं लावून बघत राहिलो. फलाट रिकामा होता. एकही माणूस नाही. नुसता बाक, गाद्या नसलेला.

दीपिका रडली. सोमीने तिला, मग मला जवळ घेतलं. म्हणाली, "बाय, चला आता घरी." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

तुझी आई


२४ एप्रिल

चि. अपेक्षा,

तुझा आवाज आता भरलेला वाटतो. परवा हसलीस तेव्हा वर्षाराणीने भिंतीपलीकडून ऐकलं म्हणे. नव्या बसने कामाला जातेस, वाटेत रूळ लागत नाही, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. त्या नेपाळच्या मुलीला माझे आशीर्वाद सांग. स्वेटरची बाही उसवून धाड, नीट करून देते.

तू गणपतीला यायचं म्हणतेस. ये. किती वेळा म्हणू, ये. पण यायच्या आधी हे पत्र वाचूनच ये. फोनवर मी सांगणार नाही, कारण फोनवर तू वाद घालतेस.

मी बरी आहे. रोज फाटकावर जाऊन येते. फार वेळ नाही, दोन-चार गाड्या. तब्येतीला चालणं चांगलंच असतं. दूध हल्ली उतू जातं. तव्यावर पोळी टाकलेली असते, शिट्टी येते, मग पोळीचा कोळसा होतो. तू काळजी करू नकोस, पीठ काही सोन्याचं नाही. एकदा सोमी ओट्यावरून हाका मारत होती, मी तिच्या समोरच बसले होते. मला ऐकू येत होतं, पण लांबून. तिने हलवलं तेव्हा ओ दिली. ती म्हणाली, "बाय, तुमी हितं नव्हता." मी म्हटलं, मग कुठे होते? त्यावर ती पाटी उचलून गेली. हल्ली चहाला थांबत नाही.

गेल्या आठवड्यात रूळ तपासणारा एक माणूस भेटला, यूपीचा, भला. म्हणाला, "अम्मा, कल शाम भी आप यहीं खड़ी थीं। घर नहीं जातीं क्या?" त्या आदल्या संध्याकाळी तर मी वर्षाराणीच्या मुलीच्या वाढदिवसाला होते. केक खाल्ला, फोटोही काढलाय. फोटोत मी आहे, जरा हललेली आले आहे. तोही मग लांबून जायला लागला.

मला दुःख नाही. हे खरं सांगते. बाबा तिथे काय बघायचे ते आता कळतं. गाडी येते तेव्हा आत शेकडो माणसं असतात आणि एकालाही माहीत नसतं की कुणीतरी आपल्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलंय. मी त्यांना म्हणायची, माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत. ते बोलणं आता परत घ्यावंसं वाटतं.

आता नीट ऐक. तू आलीस की स्टेशनवरून सरळ सरावलीला यायचं. घरी जी कुणी दार उघडेल ती तुझी आईच आहे, तिच्या हातचं जेव. मीठ कमी-जास्त असेल, बोलू नकोस. प्रश्नाला उशिरा उत्तर आलं तर चिडू नकोस. तिच्या कुशीत झोप.

पण फाटकाकडे यायचं नाही. सोमीने सांगितलं तरी नाही, मी घरात दिसले नाही तरी नाही. तिथे जी उभी असेल तीही मीच असेन, आणि घरातल्यापेक्षा जास्त असेन. तुला बघून मला इतका आनंद होईल, की हात खाली येईल. आणि मग मी तुला विचारीन. मला विचारावंच लागेल, तशी रीतच आहे. आणि तू पोरगी अशी, की विचारल्यावर तुझ्या तोंडून आपोआप उत्तर निघेल.

ते निघू द्यायचं नाही. एकदा मी म्हटलेला शब्द इतके दिवस पाळलास, आता हा पाळ. मी कितीही वेळा विचारलं, कितीही लाडाने विचारलं, तरी ओठ घट्ट मिटून घे आणि मला तिथेच सोडून घरी जा.

तुझी आई